चारशेच्या अलीकडे

नदीकाठच्या फरसबंद वाटेवर दर शंभर मीटरला पांढऱ्या रंगात एक आकडा लिहिलेला आहे. त्यातल्या तीनशे आणि चारशे या आकड्यांमधलं अंतर ब्याऐंशी मीटर आहे. माझं पाऊल एकसष्ट सेंटिमीटरचं पडतं आणि तिथं एकशे चौतीस पावलं भरतात. मी तीन वेगवेगळ्या रविवारी मोजलं. उरलेले अठरा मीटर कुठं गेले ते रंगवणाऱ्यालाच ठाऊक. वाट एकूण अकरा किलोमीटरची आहे म्हणतात. त्याबद्दल मला काही सांगता येणार नाही, कारण सात रविवार नियमानं फिरायला जाऊनही आमचं वखारिया कुटुंब कुटुंब म्हणून चारशेच्या पुढं गेलेलं नाही. मी एकटी मोजण्यासाठी त्या आकड्यापर्यंत जाऊन परत येत असे, आणि परत आले की ताटात काहीतरी वाढलेलं असे.

मुळात फिरायला जाणार होतो दोघंच, मी आणि माझा नवरा उपेन. तेही फिरण्यासाठी नाही, बोलण्यासाठी.

मी बारावीला रसायनशास्त्र शिकवते. जानेवारीत मला भावनगरच्या एका प्रयोगशाळेचं पत्र आलं. समुद्राच्या पाण्यातून मीठ काढून घेतल्यावर जे कडू पाणी उरतं, त्यावर वर्षभर संशोधन करायला याल का, असं विचारलं होतं. तेवीस वर्षांपूर्वी मी याच कडू पाण्यावर प्रबंध लिहिला होता. लग्न, मुलगी आणि सासूबाईंचे दोन्ही गुडघे यांत तो विषय मागं पडला, पण कोणीतरी तो वाचला होता. शाळेनं वर्षाची रजा द्यायचं कबूल केलं. आता फक्त होकार कळवायचा होता. मुदत मार्चमधल्या एका सोमवारी संध्याकाळी पाचपर्यंत होती.

उपेनला मी पत्र दाखवलं. त्यानं ते दोनदा वाचलं, घडी घातली आणि म्हणाला, "बघू."

मी बडोद्याची, माहेरची गुप्ते, बावीस वर्षं या घरात आहे. इथल्या 'बघू'चा अर्थ मला कळतो. म्हणजे कोणी काही बघणार नाही.

"बघू म्हणजे कधी?"

"इथं कसं बोलणार?" तो हळू आवाजात म्हणाला. त्याचंही खरं होतं. आमच्या तीन खोल्यांच्या घरात पाच माणसं असतात: मी, उपेन, मुलगी ध्वनि, सासूबाई म्हणजे बा, आणि दिनकरभाई पारेख. दिनकरभाई समोरच्या फ्लॅटमध्ये राहतात, पण असतात आमच्याकडे. स्वयंपाकघरात उच्चारलेलं वाक्य आमच्या गॅलरीतून दुरुस्त्यांसह परत येतं. "रविवारी नदीवर जाऊ," उपेन म्हणाला. "चालता चालता ठरवू."

आता 'आवजो' या शब्दाबद्दल थोडं सांगितलं पाहिजे, कारण पुढचं सगळं त्यानं केलं. आमच्या मराठी घरात निघणारा माणूस 'येतो' म्हणतो. 'जाते' म्हटलं की आई मला उंबऱ्यातून परत बोलवायची: "येते म्हण." म्हणजे परत येण्याची जबाबदारी निघणाऱ्यावर. इथं, गुजराती घरात, निरोप घेताना दोघंही एकमेकांना 'आवजो' म्हणतात. शब्दशः 'या'. जबाबदारी समोरच्यावर. बहुतेक लोक त्याचा अर्थ 'बरं आहे' एवढाच घेतात. दिनकरभाई टेलिफोन खात्यातून निवृत्त झालेले आहेत आणि त्यांना पूर्ण दुपार रिकामी असते. ते शब्दशः घेतात.

पहिल्या रविवारी जिन्यात ते भेटले. "काय उपेनभाई, कुठं?"

"जरा नदीवर, फिरायला. आवजो."

आम्ही स्कूटर लावून वाटेवर दोनशेच्या आकड्यापर्यंत पोचलो होतो. उपेन घसा साफ करून "तर भावनगरचं..." इथपर्यंत आला होता. तेवढ्यात मागून रिक्षा थांबल्याचा आवाज आला. दिनकरभाई, त्यांच्या पत्नी इंदिराबेन, एक घडीची खुर्ची आणि बा.

"तुम्ही बोलावलंत, नाही कसं म्हणणार," दिनकरभाई म्हणाले. "बा एकट्याच होत्या, त्यांनाही घेतलं."

"डॉक्टरांनी मला चालायला सांगितलंच आहे," बा म्हणाल्या आणि खुर्चीत बसल्या.

बा चौविहार पाळतात. सूर्य मावळल्यावर अन्न नाही, पाणीही नाही. आमच्या स्वयंपाकघरात देरासरचं, म्हणजे जैन मंदिराचं, कॅलेंडर आहे, त्यावर रोजच्या सूर्यास्ताची वेळ छापलेली असते, आणि घरातली सगळी घड्याळं त्या कॅलेंडरला भितात. त्या दिवशी सूर्यास्त सहा तेहतीसला होता. आम्ही तीनशेच्या आकड्यावर पोचलो तेव्हा सहाला पाच कमी होती. बांनी आकाशाकडे पाहिलं, मग पिशवीकडे. चटई पसरली गेली. थेपले निघाले. थेपले संपले तेव्हा अंधारून आलं होतं आणि इंदिराबेनना डास चावत होते.

"पुढच्या रविवारी नक्की," परतताना उपेन स्कूटरवर म्हणाला.

पुढच्या रविवारी नणंद आली. सुलुबेन माझ्या नवऱ्याहून सहा वर्षांनी मोठ्या. बांनी त्यांना फोनवर सांगितलं होतं की आपण हल्ली दर रविवारी तब्येतीसाठी फिरायला जातो. सुलुबेन नवऱ्याला, सासूला आणि दोन जावांना घेऊन आल्या. सोबत खमणचा डबा, केळ्याची कोरडी भाजी, खाखऱ्यांची थप्पी आणि ताकाचा पितळी डबा, ज्याला उचलायला दोन माणसं लागत.

"भाभी, तू काय आणलंस?" त्यांनी मला विचारलं.

"आम्ही चालायला आलो होतो," मी म्हणाले.

"ते दिसतंय. पण आणलंस काय?"

माझ्या पिशवीत पाण्याची एक बाटली होती. सुलुबेननी ती आपल्या जावांना दाखवली. दोघींनी मान खाली घातली. वखारियांची सून नदीवर पाणी घेऊन आली, हे वाक्य त्या आठवड्यात तीन वेगवेगळ्या घरांतून माझ्याकडे परत आलं.

दिनकरभाईंचं चालण्याबद्दलचं ज्ञान मोठं आहे. रिकाम्या पोटी चालू नये, वात वाढतो. खाल्ल्यावर तासभर चालू नये, जठर खाली सरकतं. ही दोन्ही विधानं खरी मानली तर चालायला कोणती वेळ उरते, हे मी एका वहीत आकृती काढून पाहिलं. कुठलीच उरत नाही. मी त्यांना आकृती दाखवली. त्यांनी ती लांब धरून, जवळ धरून पाहिली.

"वृषालीबेन, विज्ञान वेगळं आणि शरीर वेगळं," ते म्हणाले. "शेंगा घ्या."

तिसऱ्या रविवारी आम्ही तेरा होतो, चौथ्या रविवारी एकवीस. वाढीचा आलेख चांगला निघाला असता. उपेन दर वेळी माझ्या शेजारी बसायला येई आणि दर वेळी कोणीतरी आमच्या दोघांच्या मध्ये लोणच्याची बरणी ठेवी. एकदा मी त्याच्या हाताला धरून उठवलं आणि म्हटलं, चल, चारशेपर्यंत जाऊन येऊ. सुलुबेनच्या सासूबाई मोठ्यानं म्हणाल्या, "या वयात काय ते हात धरून." बाकीची एकोणीस माणसं हसली. उपेन परत बसला.

त्याच रविवारी शिट्टी वाजली. निळ्या गणवेशातला रखवालदार चटईच्या कडेला येऊन उभा राहिला आणि बोट नाचवत मोजू लागला. दोनदा मोजलं. दुसऱ्यांदा कुल्फीवाला धरून बावीस भरले.

"वीसच्या वर माणसं बसली तर परवाना लागतो," तो म्हणाला.

"आम्ही बसलेलो नाही," मी म्हणाले. मला अजूनही ते वाक्य तत्त्वतः बरोबर वाटतं. "आम्ही चालायला आलो आहोत."

"चाला की. पाचशे जण चाला. चालायला परवाना नाही." त्यानं ताकाचा डबा पाहिला, तीन खुर्च्या पाहिल्या, लोडाला टेकलेल्या बांकडे पाहिलं. "बेन, मी इथं चार वर्षं आहे. चालणारी माणसं मी पाहिलीत."

मी प्रबंध लिहिलेली बाई आहे. पन्नास मुलांच्या वर्गात माझ्यासमोर कोणी कुजबुजत नाही. त्या संध्याकाळी एका रखवालदारानं माझ्याकडे ज्या नजरेनं पाहिलं, ती मला पूर्ण आठवडा फळ्यावर दिसत होती.

खरं तर इथं प्रकरण संपायला हवं होतं. कुल्फीवाला धरूनही एकवीसातली दोन माणसं कमी केली असती तर भागलं असतं. पण कोणती दोन, हा प्रश्न कोणी उच्चारला नाही, आणि परवाना काढणं सोपं आहे असं सगळ्यांचं मत पडलं. मी आणि उपेन मंगळवारी अर्धी रजा टाकून कार्यालयात गेलो. वाटेत बोलता येईल असं मला वाटलं होतं. दिनकरभाई फाटकाशी कागदपत्रांची पिशवी घेऊन उभे होते. सरकारी कामाचा अनुभव आहे, म्हणाले.

खिडकीवरच्या गृहस्थांनी अर्ज दिला. त्यात एक रकाना होता: 'एकत्र जमण्याचा हेतू'. उपेननं लिहिलं, 'चालणे'.

"चालण्याला परवाना लागत नाही," गृहस्थ म्हणाले.

"मग द्या तसंच लिहून."

"लागत नाही तो परवाना देऊ कसा?"

उपेननं चालणे खोडून 'बोलणे' लिहिलं. मला त्याचा क्षणभर अभिमान वाटला.

"बोलणे म्हणजे सभा. सभेला पोलीस ठाण्याचा दाखला." त्यांनी चष्मा काढला. "हे पाहा, आमच्याकडे चार हेतू आहेत. योगासनं, भजन, लग्नाआधीचे फोटो आणि वाढदिवस."

"वाढदिवस लिहा," दिनकरभाई म्हणाले. "वाढदिवसाला कोणी काही विचारत नाही."

"कोणाचा?" गृहस्थांनी विचारलं.

उपेन घाबरला की जवळच्या वस्तूकडे बोट दाखवतो. त्यानं माझ्याकडे दाखवलं.

माझं ओळखपत्र मागितलं गेलं. माझा जन्म नोव्हेंबरातला आहे. आम्ही मार्चमध्ये उभे होतो. गृहस्थांनी तारीख वाचली आणि मान वर केली. दिनकरभाई शांतपणे म्हणाले, "तिथीनं करतात यांच्यात. मराठी आहेत."

तिथी आणि तारीख यांच्यात फार तर एका महिन्याचं अंतर पडतं. चार महिन्यांचं पडायचं असेल तर चंद्राला कक्षा सोडावी लागेल. मी हे सांगायला तोंड उघडलं, तेवढ्यात शिक्का बसला. परवाना पन्नास माणसांचा होता, एका ध्वनिवर्धकासह, सूर्यास्तापर्यंत. खाली सातवी अट होती: कार्यक्रम अर्जात लिहिल्याप्रमाणेच झाला पाहिजे, तपासणी होईल. आणि परवान्यावर तारीख पडली होती ती माझ्या मुदतीच्या आदल्या दिवसाची, सातव्या रविवारची.

"मम्मी, तू वर्षातून दोनदा म्हातारी होणार," ध्वनि म्हणाली. त्या घरात त्या आठवड्यात बोललं गेलेलं एवढंच वाक्य तर्काला धरून होतं.

मधले दोन रविवार वीसच्या आत राहायचं ठरलं. ते जमलं, कारण सुलुबेन माणसांच्या पाळ्या लावत होत्या. सहाव्या रविवारी मी एक प्रयोग केला. उपेनला मागच्या जिन्यानं, मागच्या फाटकानं बाहेर काढलं. पुढचा जिना नाही, दिनकरभाई नाहीत, कोणालाही आवजो म्हणायला वाव नाही. बाकी सगळी परिस्थिती तशीच ठेवून एकच गोष्ट बदलायची, हे मी मुलांना पहिल्याच तासाला शिकवते. आम्ही नदीवर पोचलो. वाट रिकामी होती. सहाला दहा कमी होती, आणि बा घरी होत्या, म्हणजे सूर्य आमच्या बाजूनं होता.

"एक मिनिट हं," उपेन म्हणाला आणि झाडामागं गेला. त्याला नैसर्गिक गरज असेल असं मी समजले. मग त्याचा आवाज ऐकू आला. फोनवर. "हां दिनकरभाई, आम्ही पोचलो. आवजो."

एकदा झाली तर चूक, दोनदा झाली तर सवय. सहाव्यांदा जे होतं त्याला निष्कर्ष म्हणतात. मी तो तिथल्या तिथं काढला आणि कोणाला सांगितला नाही. पंधरा मिनिटांत रिक्षा आली.

सातव्या रविवारी परवान्यात पन्नास माणसं लिहिलेली असताना कमी नेणं सुलुबेनना पाप वाटलं. त्यांनी सत्तेचाळीस जमवली. त्यांतली अकरा मी प्रथमच पाहत होते. त्यांनी मला दीर्घायुष्य चिंतलं. तीनशेच्या आकड्यावर चटयांचं मैदान झालं. बिनअंड्याचा केक आला, त्यावर माझं नाव होतं आणि वय घातलं नव्हतं, त्याबद्दल मी आभारी आहे. दिनकरभाईंनी भजनमंडळाचा भोंगा आणि बिनतारी माइक आणला. रखवालदार परवान्याची प्रत घेऊन केकशेजारी उभा राहिला. सातवी अट त्यानं अधोरेखित केली होती.

सूर्यास्त सहा अठ्ठेचाळीसला होता. भाषणं सहाला सुरू झाली. दिनकरभाई माझ्या सद्गुणांवर बोलले, त्यांत माझे थोडेच होते. सहा बत्तीसला बांनी हातानं खूण केली, आटपा. वाढदिवस जिचा, तिनं घास घेतल्याखेरीज बा तोंडात काही घालत नाहीत. वाढदिवस खोटा आहे हे त्यांना माहीत होतं, पण नियम खरा होता.

"आता वृषालीबेन दोन शब्द बोलतील," दिनकरभाई म्हणाले आणि माइक माझ्या हातात दिला. भोंगा भयंकर किंचाळला. माइक भोंग्याच्या फार जवळ असला की तोच आवाज पुन्हा आत शिरून वाढत जातो. उपाय एकच, लांब जाणं.

"लांब जा, लांब," सगळे ओरडले. "उपेन, तिला घेऊन जा."

म्हणून सत्तेचाळीस माणसांच्या सांगण्यावरून मी आणि माझा नवरा, दोघंच, चालू लागलो. पन्नास पावलांवर भोंग्याचं किंचाळणं थांबलं. मी थांबले नाही. एकशे चौतीस पावलांवर चारशेचा आकडा आला. तो ओलांडल्यावर पुढची वाट मागच्यासारखीच निघाली.

"आता इथून बोल," उपेन म्हणाला. "नुसते आभार मान."

माइकवरचा हिरवा दिवा लागलेला होता. तो मी पाहिला होता. उपेननं पाहिला नव्हता, आणि भोंग्याचं तोंड पलीकडे चटयांच्या बाजूला होतं.

"उपेन, भावनगरचं काय?" मी विचारलं. "उद्या पाच वाजेपर्यंत कळवायचंय."

"आत्ता?" त्यानं मागं पाहिलं. माणसं लांब होती. "पुढच्या रविवारी नक्की बोलू."

"पुढच्या रविवारी मुदत संपून सहा दिवस झालेले असतील. झाडामागून फोन तू केलास. जिन्यात आवजो तू म्हणतोस. सत्तेचाळीस माणसं तू गोळा केलीस, उपेन, एक प्रश्न टाळायला."

तो नदीकडे वळला. मग म्हणाला, "नाही म्हणायला माझ्याकडे कारण नाही. म्हणून मी हो म्हणायला घाबरतो. दोघंच असलो की तू विचारणार. तू गेलीस की सकाळचा चहा कोण करणार, बांचे गुडघे कोण चोळणार, मी संध्याकाळी कोणाशी भांडणार. हे काय कारण आहे? हे सांगायची लाज वाटते माणसाला."

तीनशेच्या बाजूला सत्तेचाळीस माणसं भोंग्याकडे तोंड करून बसली होती. मग भोंग्याशिवायही अकरा किलोमीटर पोचेल असा बांचा आवाज आला.

"उपेन, चहा मी करीन. गुडघ्यांना सुलुला ये म्हणावं, तिला रविवार सोडून सहा दिवस मोकळे आहेत."

उपेननं माझ्या हातातल्या माइककडे पाहिलं, हिरव्या दिव्याकडे पाहिलं, आणि मग बावीस वर्षांत प्रथमच माझ्याकडे असं पाहिलं, जसं मुलं परीक्षेत न शिकवलेल्या प्रश्नाकडे पाहतात.

"भावनगरचे गाठिये चांगले असतात," सुलुबेन ओरडल्या. "भाभी, कुठं राहणार? माझ्या दिराचं घर आहे तिथं."

"समुद्राची हवा वात वाढवते," दिनकरभाई म्हणाले. "पण जाणं वाईट नाही. आम्ही येऊन जाऊ."

"आम्हीपण," कोणीतरी म्हणालं. मला वाटतं, त्या अकरांपैकी.

"गप्प बसा सगळे," बा म्हणाल्या. "वहू, जानेवारीपासून ऐकतेय मी, त्या स्वयंपाकघराला भिंती नाहीत. मला चार मिनिटं उरलीत. जायचं की नाही ते एका वाक्यात सांग, म्हणजे मला पाणी पिता येईल."

मी घड्याळ पाहिलं. सहा चव्वेचाळीस. बांचं गणित बरोबर होतं. उपेननं माझ्या हाताखालून माइक जरा वर धरला, म्हणजे तो माझ्या तोंडाशी नीट आला.

"उद्या मी होकार कळवते आहे," मी म्हणाले, आणि माझा आवाज पलीकडच्या काठावर आपटून परत आला. "एक तारखेपासून वर्षभर मी भावनगरला."

आता पुढचा शब्द काय असतो ते तिथल्या प्रत्येकाला ठाऊक होतं. सत्तेचाळीस चेहरे तो ऐकायला वर झाले होते. मी चटया पाहिल्या, घडीच्या खुर्च्या पाहिल्या, दोन माणसांनी उचलायचा ताकाचा डबा पाहिला. बडोद्याच्या उंबऱ्यातला आईचा आवाजही क्षणभर ऐकला.

"जाते," मी म्हणाले, आणि माइक बंद केला.